केळवणाच्या पानावर आयर्लंड

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यातले वळसंग लागते. मराठी आणि कन्नड दोन्ही ज्यांच्या तोंडी सहज बसतात अशा माणसांचे हे गाव. इकडे लग्न ठरले की केळवणे सुरू होतात. मामाकडे, आत्याकडे, मावशीकडे, मग शेजारीपाजारी. नवऱ्या मुलीला पाटावर बसवायचे, ओवाळायचे, जेवू घालायचे, ओटी भरून आणि जमेल तो आहेर देऊन पाठवायचे. आता याच दिवसांत मुलीच्या मैत्रिणी शहरात ‘ब्रायडल शॉवर’ करतात आणि त्याला एखाद्या देशाचा रंग देतात: कधी इटली, कधी मेक्सिको, कधी आयर्लंड. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, पुरण गेले आणि बटाट्याचा परदेशी लगदा आला, म्हणजे केळवण बुडाले. ही भीती मला चुकीच्या जागी धरलेली वाटते. केळवणाचा इतिहास पाहिला तर पानावरचे पदार्थ नेहमी बदलत आले आहेत. टिकून राहिले ते बोलावण्याचे नाते. खरी झीज होत असेल तर ती तिथे शोधली पाहिजे.

पानापासूनच सुरुवात करू. सोलापूरची ओळख म्हणून आपण ज्या शेंगाचटणीचे नाव घेतो, तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि तिखटही अमेरिका खंडातलेच. पोर्तुगीज जहाजे सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागली, त्यानंतर मिरची आपल्याकडे रुजली. देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या कोणाही नवरीने शेंगाचटणी चाखलेली नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या बाराव्या शतकातल्या सोलापुरात शेंगदाणाच नव्हता, तरी आज त्यांच्याच गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शेंगापोळीशिवाय संक्रांत होत नाही. खाण्यापिण्याचे नियम सर्वांत कडक पाळले जातात ते उपासाला. आणि उपासाच्या ताटात काय असते? बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद धरून हे चारही परमुलखातले. जे देवाला चालले ते नवरीला का चालू नये? याउलट या मातीत जुनी आहे ती ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी आणि मंगळवेढ्याची ज्वारी हा या जिल्ह्याचा खरा वारसा. पण केळवणाला कोणी भाकरी मुख्य म्हणून वाढत नाही. ती रोजची, म्हणून पाहुण्याला दुसरे काहीतरी. म्हणजे केळवणाचा नियम ‘जुने ते वाढा’ असा कधीच नव्हता. ‘रोजचे नाही ते वाढा’ असा होता, आणि रोजचे नसलेले काय, हे प्रत्येक पिढीने आपापल्या काळात ठरवले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हुग्गी आणि पुरण हे नुसते गोड पदार्थ नाहीत. लिंगायत घरांत गव्हाची गुळातली हुग्गी शुभकार्याला शिजते, इतरत्र पुरणाशिवाय सण लागत नाही. त्या पदार्थांत अर्थ साठलेला आहे, तो आयरिश पदार्थात कुठून येणार? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच घरच्या केळवणात हुग्गी राहावी असे मी म्हणेन. मात्र परक्या पदार्थात लग्नाचा अर्थ नसतोच, हे गृहीत धरणे आयर्लंडवर अन्याय करणारे आहे. तिथे उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कोबी किंवा केल आणि लोणी घालून कोलकॅनन करतात. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री ते करताना त्यात अंगठी लपवत, आणि ज्याच्या घासात ती येई त्याचे लग्न लवकर ठरणार असे मानत. मनुका घातलेल्या बार्मब्रॅक पावातही अशीच अंगठी असे. तिथल्या खेड्यांत लग्नाआधी नवऱ्या मुलाला वधूच्या घरी बोलावून पाळलेला हंस शिजवण्याची रीत होती. बोलावणारे घर, पाहुणा आणि निमित्त पाहिले तर हे केळवणच. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. कॅथलिक आयर्लंडमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत लग्ने लागत नसत, म्हणून त्याआधीचे दिवस लग्नसराईचे. उलट ज्याला आपण शॉवर म्हणतो तो सोहळा आयरिश नाहीच. नवरीला मैत्रिणींनी वस्तू भेट द्यायची ही प्रथा अमेरिकेत वाढली. आयर्लंडचे म्हणून काही घ्यायचे असेल तर हिरवा रंग आणि तीनपानी चिन्हे सोडून या अंगठीकडे वळावे.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे: आयरिश म्हणजे मांस आणि मद्य, ते वळसंगच्या शाकाहारी घरात कसे चालेल? इथे इतिहास मदतीला येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधला गरीब शेतमजूर मांस क्वचितच खाई. त्याचे जेवण बटाटा आणि ताक. सुमारे तीस लाख लोक जवळजवळ संपूर्णपणे बटाट्यावर जगत होते. ज्या खारवलेल्या गोमांसाला आज आयरिश जेवण म्हटले जाते, ते अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी तिथल्या ज्यू खाटकांकडून घेऊन आपलेसे केले. सोडा ब्रेडही जुना नाही. खाण्याचा सोडा एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाला, तेव्हा यीस्ट न मिळणाऱ्या घरांनी मऊ गव्हाच्या पिठात सोडा आणि ताक घातले. ताकाच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो आणि पीठ फुगते. तव्यावर, झाकणाखाली, भट्टीशिवाय भाजता येणारा हा पाव आपल्या चुलीला परका नाही. कोलकॅनन, सोडा ब्रेड, ताक, ओटची खीर आणि सोबत शेंगाचटणी: हे पान कोणत्याही शाकाहारी घरात मांडता येईल, आणि ते इतिहासाशी प्रामाणिकही असेल.

बटाटा मात्र आठवणीशिवाय वाढू नये. 1845 पासून सलग काही वर्षे करप्याने आयर्लंडचे पीक कुजले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. 1841 साली जवळपास 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 मध्ये 65 लाखांच्या आसपास आली. सरकारने अमेरिकेतला मका मागवला, जो शिजवायचा कसा हेही तिथल्या बायकांना ठाऊक नव्हते. कलकत्त्यात त्या भुकेलेल्यांसाठी वर्गणी जमली होती. आणि तीसच वर्षांनी, 1876-77 च्या दुष्काळात, सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल असे ठरवले, त्याविरुद्ध लोकांनी कामे सोडली. पुन्हा 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली आणि गावेच्या गावे खडी फोडायला गेली. लग्ने त्या वर्षीही लागलीच. आत्याने जे घरात होते ते शिजवले असणार. पदार्थावर केळवण टिकले असते तर ते 1877 लाच संपले असते. ज्या दोन मुलखांना परक्या धान्याची भाकर भुकेने खावी लागली, त्यांनी एकमेकांचे अन्न आनंदाच्या दिवशी मागून घेणे मला उथळ वाटत नाही.

आता बोलावण्याकडे येऊ, कारण वादाची खरी जागा ती आहे. केळवणाची पंगत कधीच सर्वांना खुली नव्हती. पानावर काय आहे यापेक्षा शेजारी कोण बसले आहे, पाणी कोणाच्या हातचे आहे, यावर तिचे सारे पावित्र्य उभे होते. याचा पुरावा वळसंगमध्येच आहे. गावातल्या दलित वस्तीने स्वतः खोदलेल्या विहिरीचे पाणी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्यायले, आणि ती विहीर आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा दहा वर्षे झाली होती, तरीही एका वस्तीला आपली वेगळी विहीर खोदावी लागली. ज्या समाजात पाण्याचा पोहरा वेगळा होता, तिथे जेवणाची पाने एकत्र मांडली जात नव्हती, हे वेगळे सांगायला नको. जुन्या केळवणाबद्दल हळहळताना ही बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. मैत्रिणींची पंगत जात विचारत नसेल, तर ती या एका बाबतीत जुन्या पंगतीहून निश्चितच वरचढ आहे. नात्यांची हद्द आता कुठवर गेली आहे हे पाहायचे असेल तर मालवण तालुक्यातले वराड पाहावे. हे मूळ गाव असलेल्या, इंग्लंडला गेलेल्या एका डॉक्टरांनी आयरिश परिचारिकेशी लग्न केले आणि त्यांचा मुलगा लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला.

तरीही मैत्रिणींच्या सोहळ्याला एका बाबतीत मी जपून राहायला सांगेन. केळवण घरोघर फिरते. दहा घरांनी बोलावले म्हणजे दहा घरांना नवरीवर हक्क सांगता आला. दोन खोल्यांत राहणारी मावशीही वरण-भात आणि शिरा करून तो हक्क बजावू शकते. आहेरात खण असो की नुसता नारळ, पुढे तिच्या घरी कार्य निघाले की नवरीच्या माहेरच्यांना तिच्याकडे जावेच लागते. या देवाणघेवाणीत लग्नघराचा स्वयंपाकही काही दिवस हलका होतो. हॉलमध्ये एका संध्याकाळी सगळे उरकले, की ज्याच्याकडे पैसा तोच यजमान होतो. उरलेल्यांच्या वाट्याला फक्त पाहुणेपण येते, आणि त्या मावशीला बोलावण्याचे निमित्तच मिळत नाही. मेनू आयरिश असण्याने हे घडत नाही, पुरणपोळीचा कंत्राटी स्वयंपाक असला तरी घडते. म्हणून मेनू ठरवताना मैत्रिणींनी पदार्थांची यादी एका केटररकडे देण्याऐवजी वाटून घ्यावी: एकीने बटाटे उकडावेत, दुसरीने ताक घुसळावे, तिसरीच्या आईने शेंगा कुटाव्यात. कोलकॅननमधली अंगठी कोणाच्या घासात येते हे पाहायला मावशीलाही बोलवावे, आणि त्या आठवड्यात तिच्या घरच्या केळवणासाठी एक दुपार मोकळी ठेवावी.