जॉन पीटर आल्टगेल्ड

दरवर्षी १ मे रोजी साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार दिनाची पार्श्वभूमी शिकागो शहरातील १८८६च्या आंदोलनाची आहे. त्या आंदोलनातून उद्भवलेल्या खटल्यात अन्याय झाला, असे अधिकृतरीत्या नमूद करणारे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर म्हणजे जॉन पीटर आल्टगेल्ड. अमेरिकेत गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे नियुक्त नसतो. तो थेट मतदारांनी निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो.

आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतील नासाऊ प्रांतात झाला. ते तान्हे असतानाच त्यांचे कुटुंब ओहायो राज्यात स्थायिक झाले. बालपण शेतीच्या कष्टांत गेले. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात सैनिक म्हणून दाखल झाले. पुढे शिक्षकी व मजुरी करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८७५ मध्ये ते शिकागोला आले व वकिली आणि जमीन-इमारतींच्या व्यवहारांत त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. गरिबांनाच अधिक भरडणाऱ्या दंडव्यवस्थेवर टीका करणारे त्यांचे पुस्तक १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८६ मध्ये ते न्यायाधीशपदी निवडून आले आणि १८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे गव्हर्नर झाले.

४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकातील सभेत पोलिसांवर बॉम्ब फेकला गेला. बॉम्ब कोणी फेकला, हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ जणांना दोषी ठरविण्यात आले. त्यांपैकी चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली. एकाने आदल्या दिवशी तुरुंगात आत्महत्या केली आणि तिघे शिक्षा भोगत होते. या तिघांना, म्हणजे फील्डन, नीबी व श्वाब यांना, दयेपोटी सोडणे राजकीयदृष्ट्या सोपे होते. आल्टगेल्ड यांनी मात्र २६ जून १८९३ रोजी माफी देताना सविस्तर कारणमीमांसा लिहिली. ज्यूरी पक्षपाती होती, बॉम्ब फेकणाऱ्याशी आरोपींचा संबंध दाखविणारा पुरावा नव्हता आणि न्यायाधीशांचे वर्तन निष्पक्ष नव्हते, असे त्यांनी स्पष्ट केले. परिणामी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली व त्यांना अराजकवाद्यांचे पाठीराखे ठरविले.

त्यांच्याच कारकीर्दीत १८९३ मध्ये कारखाना तपासणीचा कायदा झाला आणि मुख्य निरीक्षकपदी त्यांनी फ्लॉरेन्स केली यांची नेमणूक केली. स्त्री कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा घालणारे या कायद्यातील कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द ठरविले. १८९४च्या पुलमन रेल्वे संपात राज्याने मागणी केलेली नसताना राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी शिकागोत केंद्रीय सैन्य धाडले. क्लीव्हलँड स्वपक्षाचे असूनही आल्टगेल्ड यांनी त्यांचा जाहीर निषेध केला.

१८९६ मध्ये ते पराभूत झाले. परदेशात जन्म झाल्यामुळे राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षपदाचे दार त्यांना बंदच होते. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाच्या निवडणुकीतही त्यांना अपयश आले. अखेरच्या काळात त्यांनी प्रसिद्ध वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्यासमवेत वकिली केली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या समर्थनार्थ जोलिएट येथे भाषण केल्यानंतर ते कोसळले आणि १२ मार्च १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या माफीपत्रामुळे त्यांना टीकेचे धनी व्हावे लागले, त्याच माफीपत्रासाठी आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.