उघडे फाटक हा पुरावा नव्हे

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नोकरकपातीचे समर्थक म्हणतात : फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे हजार परिवीक्षाधीन कर्मचारी काढले, पाठोपाठ आणखी कित्येक बाहेर पडले, तरी उन्हाळ्यात फाटके उघडीच होती. अर्थात ती माणसे जास्तीची होती. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण टिकत नाही.

फाटके आपोआप उघडी राहिली नाहीत. उद्याने खुली ठेवा, असा आदेशच अंतर्गत व्यवहारमंत्री डग बर्गम यांनी एप्रिलमध्ये काढला होता. हुकमाने घडवून आणलेली गोष्ट कपातीच्या बाजूने साक्ष कशी देईल? हाताशी माणसे थोडी असली, की इतर कामांवरच्यांना प्रवेशद्वारावर आणि शौचालयांच्या सफाईला जुंपावे लागते. मग पर्यटकाला न दिसणारी कामे मागे पडतात : उपऱ्या वनस्पती उपटणे, प्राण्यांच्या नोंदी, पायवाटांची डागडुजी.

शिवाय परिवीक्षाधीन म्हणजे नवशिके, हेही खरे नाही. वर्षानुवर्षे हंगामी राबून नुकतेच कायम झालेले, बढती मिळालेले जाणकारही त्यात मोडत होते. योसेमिटीत तर उद्यानातला एकमेव कुलूप-कारागीर गेला. जिथे दुसरा नव्हताच, तिथे पहिला जास्तीचा कसा?

माणसांवाचून फाटके उघडी ठेवण्याचा प्रयोग आधीही झालेला आहे. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प होते आणि बरीच उद्याने खुली होती. कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्री उद्यानात लोकांनी रस्ता सोडून वाळवंटात गाड्या घातल्या, झाडे तोडली. जोशुआचे झाड वर्षाला जेमतेम दोन-तीन इंच वाढते. ही हानी पुढच्या हंगामात रेंजर वाढवून भरून निघणार नाही.

उद्यान खात्यात अनावश्यक कागदी काम नसेलच, असे मी म्हणत नाही. ते जरूर छाटावे. पण खर्चाचाच हिशेब मांडायचा, तर पुरता मांडा. खात्याची वार्षिक तरतूद तीन अब्ज डॉलरच्या आसपास आहे, आणि २०२३ मध्ये पर्यटकांनी उद्यानांभोवतीच्या गावांत खर्च केले २६.४ अब्ज. २०२४ मध्ये तर ३३ कोटींहून अधिक भेटींचा विक्रम झाला. गर्दी वाढत असताना राखणदार कमी करणे याला काटकसर म्हणता येत नाही.

मुळात फाटक उघडे ठेवणे एवढेच या खात्याचे काम नाही. निसर्ग आणि वन्यजीव पुढच्या पिढ्यांसाठी अबाधित राखावेत, ही जबाबदारी १९१६ च्या कायद्याने त्याच्यावर टाकली आहे. त्या कसोटीवर ही कपात सपशेल नापास ठरते.