वसतिगृहात वाढलेलं फज

नाताळ जवळ आला की अमेरिकेत घरोघरी फज शिजतं. वड्या पाडायच्या, मेणकागदाचे थर देत पत्र्याच्या डब्यात रचायच्या आणि शेजारी, पोस्टमन, मुलांच्या शिक्षिका यांना वाटायच्या. पदार्थ इतका घरगुती, की तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल असं वाटावं. पण त्याचा माग १८८६च्या मागे फारसा जात नाही.

हा माग लागतो एका पत्रामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार या तेव्हा मुलींच्या असलेल्या कॉलेजात शिकलेल्या एमेलिन हार्ट्रिज यांनी ते १९२१ साली लिहिलं. त्यांच्या मैत्रिणीच्या चुलतघरातल्या कुणीतरी केलेलं फज १८८६ साली बाल्टिमोरच्या एका किराणा दुकानात ४० सेंट पौंड भावाने विकलं जात होतं. एमेलिनबाईंनी मैत्रिणीकडून कृती मिळवली आणि १८८८मध्ये कॉलेजातल्या लिलावासाठी तब्बल ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो फज केलं. कॅरॅमल बिघडलं आणि त्यातून फज जन्मलं, ही कथाही सांगतात. गोड आहे, पण पुराव्याचं बळ पत्रालाच.

कॉलेजातल्या मुलींनी फज उचलून धरलं याचं नवल नाही. साखर, साय, चॉकलेट आणि चमचाभर लोणी, बस्स. भांडं एकच. खोलीतला गॅसचा दिवा किंवा स्पिरिटची छोटी शेगडी पुरे. बाकी काम मनगटाचं.

आणि ते काम सोपं नव्हतं. पाक ११२ ते ११५ अंश सेल्सियसपर्यंत चढवायचा. तापमापक नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. बोटांत मऊ गोळी वळली की झालं. आपल्याकडचा गोळीबंद पाक तो हाच. खरी कसोटी यापुढे. भांडं खाली उतरवून, ढवळण्याचा मोह आवरून, मिश्रण कोमट होऊ द्यायचं. गरम असतानाच डाव फिरवला तर साखरेचे मोठे खडे धरतात आणि वडी दाताखाली कचकचते. कोमट झाल्यावर मात्र घोटत सुटायचं, वरची चकाकी जाईपर्यंत. मग कण इतके बारीक पडतात की जिभेला कळतही नाहीत. हात भरून आला की डाव दुसरीकडे द्यायचा. एकटीने करण्यापेक्षा चौघींनी करावा असाच हा उद्योग.

पुढे स्मिथ आणि वेलस्ली या मुलींच्या कॉलेजांची फजंही निघाली. वॉल्टर बेकर या चॉकलेट कंपनीने १९०९च्या पाककृतींच्या पुस्तिकेत तिन्ही कॉलेजांच्या नावाने कृती छापल्या. चॉकलेट खपवायला याहून चांगली जाहिरात कुठली!

आजचं ‘झटपट’ फज ही निराळीच गोष्ट. कंडेन्स्ड मिल्क गरम करून त्यात चॉकलेट विरघळवलं की पाक, गोळी, घोटणं, काही उरत नाही. कारण ते साखरेच्या कणांवर नव्हे, चॉकलेटमधल्या स्निग्धांशावर घट्ट होतं. चव वाईट नसते, पण ती घोटलेली भुसभुशीत मऊ वडी नव्हे. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी मेमी यांच्या नावावर गाजलेल्या फजमध्ये मार्शमॅलोचं तयार क्रीम पडत असे, म्हणजे पळवाट थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचली होती. लोणावळ्याहून चिक्कीबरोबर चॉकलेट फजचा खोका आणणाऱ्या मराठी घरांना मात्र ना घोटण्याची कटकट, ना पळवाटेची.