देवीची टोचणी, शाळा आणि फ्लूची लस: रायगडाच्या पायथ्याचा इतिहास

महाड तालुक्यातील हिरकणीवाडी ही रायगड किल्ल्याच्या पायथ्याची वाडी बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या कथेमुळे महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि १९९६ पासून गडावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक म्हणून पर्यटकांच्याही परिचयाची झाली आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत अशा शेकडो वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असून, पावसाळ्यात ओढे भरले की एका वाडीचा दुसरीशी संबंध तुटतो. या प्रदेशात लस मुलांपर्यंत कशी पोहोचली, हे केवळ कायद्यांच्या तारखांवरून कळत नाही. मुले कोणत्या जागी आणि कोणत्या ऋतूत एकत्र सापडत, हे पाहिल्यावर तो इतिहास उलगडू लागतो. शाळेत मुलांना फ्लूची लस द्यावी का, हा आजचा प्रश्नही त्याच इतिहासाच्या ओघात येतो.

हिंदुस्थानात देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि ती लस बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी प्रवास करीत आली होती. लस टोचल्यावर आठव्या दिवशी दंडावर पाण्याने भरलेला फोड येई, आणि त्यातील स्राव, म्हणजेच लस, पुढच्या मुलाच्या कातडीत घातला जाई. म्हणून लस पुढे न्यायची तर नुकताच टोचलेला मुलगा बरोबर न्यावा लागे. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती पडला आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत सुरू झाली. युरोपीय अधीक्षकाच्या देखरेखीखाली देशी टोचणारे ठरलेल्या गावांतून फेरी काढीत, आणि पुढे ही व्यवस्था ‘मुंबई पद्धत’ म्हणून इतर प्रांतांनीही उचलली.

या पद्धतीत शाळेला स्थान नव्हते, कारण त्या काळी बहुतेक गावांत शाळाच नव्हती. टोचणारा येई तो चावडीवर किंवा देवळाच्या आवारात, आणि पाटलाच्या सांगण्यावरून मुले जमवली जात. आठवड्याने पोरगे पुन्हा आणून त्याच्या दंडातील लस दुसऱ्यासाठी काढू देणे आईबापांना नकोसे वाटे. कोणत्या जातीच्या मुलाच्या दंडातील स्राव आपल्या मुलाच्या अंगात जातो, ही शंका त्यात भर घाली. देवी हा रोग देवीचाच प्रसाद मानला जात असल्याने लोकांनी लशीला विरोध केला, एवढीच गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण ती अर्धीच आहे. दुखणाऱ्या दंडाचा, बुडणाऱ्या मजुरीचा आणि सरकारी माणसाच्या धाकाचा हिशेब आईबाप करीत, आणि तो काही अडाणीपणाचा नव्हता.

कायद्याने या स्थितीत फार फरक पडला नाही. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात लस सक्तीची झाली आणि १८९२ च्या मुंबई जिल्हा लसीकरण कायद्याने सरकार जिथे ठरवील तिथे ती सक्ती नेण्याची मुभा मिळाली, परंतु डोंगरी वाड्यांत दंड वसूल करायला कोणी फिरकत नसे. खरा बदल झाला तो वासराच्या कातडीवर तयार केलेल्या लशीमुळे, जी विसाव्या शतकात बेळगावच्या लस संस्थेतून इलाख्यात पाठवली जाऊ लागली आणि जिच्यामुळे मुलाला मुलाच्या दंडाशी जोडण्याची गरज संपली. तरीही लस उन्हाने खराब होत असल्याने टोचणीचा हंगाम पावसाळा सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचाच राहिला, आणि कोकणात रस्ते मोकळे असण्याचा काळही नेमका तोच होता.

फ्लूचा, म्हणजे इन्फ्लुएंझा या विषाणूजन्य श्वसनरोगाचा, या प्रदेशाशी आलेला सर्वांत भीषण संबंध १९१८ मधला आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून सुरू झालेली साथ महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखली गेली, आणि तिच्या दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण हिंदुस्थानात बळी गेलेल्यांचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात जातात. गिरण्यांत काम करणारा कोकणी माणूस समुद्रमार्गे बाणकोटला आणि तेथून सावित्री नदीने दासगावकडे येई. शहर आणि गाव यांना जोडणाऱ्या अशा वाटांनी रोग आत शिरण्यास अडथळा नव्हता. त्या वेळी टोचण्यासारखे काही हाती नव्हते, कारण माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्येच वेगळा करता आला आणि लस १९४० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी प्रथम तयार झाली.

शाळा लसीकरणाची जागा बनली ती स्वातंत्र्यानंतर. क्षयरोगावरील बीसीजी लशीची देशव्यापी मोहीम १९५१ पासून राबवली गेली, आणि तीत आधी कातडीत चाचणीचे औषध टोचून तिसऱ्या दिवशी दंड पाहायचा व मगच लस द्यायची अशी पद्धत असल्याने तीच मुले पुन्हा भेटतील अशी जागा हवी होती. शाळेइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती. १९५५ मध्ये राजगोपालाचारी यांनी या मोहिमेला जाहीर विरोध केला तरी ती थांबली नाही. महाराष्ट्रात याहून महत्त्वाची घटना प्रशासकीय होती आणि म्हणून ती फारशी सांगितली जात नाही: १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे एकाच संस्थेच्या छत्राखाली आली. पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि १९८१ पासून रायगड हे नाव मिळालेल्या जिल्ह्यात गुरुजी आणि आरोग्यसेविका ही दोन्ही माणसे तेव्हापासून एकाच परिषदेची आहेत, आणि वाडीत लस पोहोचण्यामागे या साध्या गोष्टीचा वाटा कोणत्याही सक्तीच्या कायद्याहून मोठा आहे.

त्याच १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला. १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तान्ह्या मुलांवर भर होता, पण धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यायची असल्याने, म्हणजे मूल अंगणवाडीच्या वयातून निघून गेल्यावर, शाळेचा दरवाजा उघडाच राहिला. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस देण्यासाठी आधी शाळा आणि मग वस्त्या असा क्रम लावला गेला. दिल्लीत मात्र याच मोहिमेवरून वाद उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देण्यास मनाई केली. ज्या वाड्यांतील बाप मुंबईत नोकरीला असतो आणि मूल आजीपाशी राहते, तिथे संमतीच्या कागदावर सही कोणाची, हा प्रश्न न्यायालयापुढे आला नव्हता, पण कोकणात तो रोजचा आहे.

शाळा आणि फ्लू यांचा संबंध २००९ मध्ये महाराष्ट्राला कळून चुकला. स्वाइन फ्लू म्हटल्या गेलेल्या एच१एन१ या नव्या प्रकाराचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातील एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी ठरली. त्याआधी जुलैत पाचगणीच्या निवासी शाळेत साथ पसरली होती, आणि पाचगणीहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. २०१५ मध्ये राज्य सरकारने फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली, परंतु ती गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी अशा जोखमीच्या गटांपुरती. शाळकरी मुले त्यात नव्हती.

शाळेतच फ्लूची लस देण्याचा सर्वांत जुना मोठा प्रयोग जपानचा. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना लस दिली गेली, १९७७ मध्ये ती सक्तीची झाली, १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद पडला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखवले की, मुलांना लस मिळत होती त्या काळात वृद्धांचे मृत्यू बरेच कमी होते आणि कार्यक्रम थांबल्यावर ते पुन्हा वाढले. मुले हा विषाणू घरी आणतात, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि २०१३ पासून ब्रिटनने नाकातील फवाऱ्याची लस टप्प्याटप्प्याने प्राथमिक शाळांपर्यंत नेली. आजीआजोबांच्या आधाराने मुले वाढणाऱ्या वाड्यांना हा निष्कर्ष टोकियोइतकाच, किंबहुना अधिक लागू पडावा.

तरीही देवीचा अनुभव जसाच्या तसा फ्लूला लावता येत नाही. देवीची लस अनेक वर्षे पुरे, तर फ्लूचा विषाणू रूप पालटत असल्याने त्याची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. तिच्यातील घटक जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, ठरवले जातात. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात आणि संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा लस मे अखेरपर्यंत टोचलेली हवी, आणि नेमक्या त्या महिन्यात शाळा बंद असते. देवीच्या टोचणीसाठी मोकळा असलेला हिवाळ्याचा हंगाम इथे उपयोगाचा नाही.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. वीटभट्ट्या आणि कोळशाच्या कामावर गेलेली कातकरी कुटुंबे तोवर परतलेली असतात, नव्या पहिलीची नावे पटावर चढलेली असतात, आणि ओढे अजून पुरते भरलेले नसतात, त्यामुळे पाचाडसारख्या आरोग्य केंद्रातून शीतपेटी, म्हणजे लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवणारी बर्फाच्या पिशव्यांची पेटी, वाडीत नेणे शक्य असते. पहिली मात्रा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरी जुलैत दिली तर ती साथीच्या आधी नव्हे, तर साथीबरोबर पोहोचेल, हे मान्य करावे लागते. पण आजच्या सोयींत त्याहून आधीची वेळ नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दर वर्षी फ्लूची लस देण्याची शिफारस करते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात मात्र ही लस नाही, त्यामुळे ती खासगी दवाखान्यात विकत घेणाऱ्यांनाच मिळते आणि महाड–पोलादपूरच्या वाड्यांतील बहुतेक मुले तिच्याविना राहतात. ही लस सर्व मुलांसाठी आणायचीच झाली तर तिची पहिली चाचणी शहरातील मोठ्या शाळेत घेण्याऐवजी मोजक्या पटाच्या वाडीशाळेत घ्यावी, कारण दोन मात्रांसाठी तीच मुले पुन्हा सापडतात की नाही आणि सही कोणाची मिळते, या दोन गोष्टी तिथेच नीट तपासता येतील.