आसेलाइनचा हंस : चित्र, अक्षरे आणि अन्योक्ती

यान आसेलाइन या डच चित्रकाराचे इ. स. १६५० च्या सुमाराचे ‘संकटग्रस्त हंस’ हे तैलचित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. घरट्यातील अंड्यांच्या रोखाने एक कुत्रा पाण्यातून पोहत येतो आहे आणि हंस पंख उभारून त्याच्या आड आला आहे. चोच वासलेली, मान ताणलेली, पिसे हवेत उडालेली. दृष्टीची पातळी इतकी खाली ठेवली आहे की तो शुभ्र देह सारे आभाळ व्यापतो. बरोक कलेने एरवी संतांना आणि सेनानींना दिलेला आवेग येथे एका पाणपक्ष्याच्या वाट्याला आला आहे.

चित्रात तीन ठिकाणी अक्षरे आहेत. एका अंड्यावर ‘हॉलंड’, हंसाच्या पायांशी ‘राद-पेन्शनारिस’, म्हणजे हॉलंड प्रांताचा सर्वोच्च राजकीय अधिकारी, आणि कुत्र्याच्या डोक्यावर ‘राज्याचा शत्रू’. ती वाचली की हंस म्हणजे योहान द विट हे ठरून जाते. डच भाषेत ‘विट’ म्हणजे पांढरा, हेही जुळते. जुळत नाही तो कालक्रम. आसेलाइन १६५२ मध्ये वारला, द विट त्या पदावर आला १६५३ मध्ये आणि हेगमध्ये जमावाने त्याची व त्याच्या भावाची हत्या केली १६७२ मध्ये. अक्षरे परक्या हाताची आहेत, मागाहून घातलेली.

अन्योक्तीत अप्रस्तुत तेवढे बोलायचे, प्रस्तुत रसिकाने ओळखायचे, असा संकेत आहे. येथे एका रसिकाने आपल्याला उमगलेले प्रस्तुत चित्रफलकावरच लिहून टाकले. ध्वनित राहण्यासारखे जे काही होते ते त्यामुळे वाच्य झाले. चित्रकाराला अन्योक्ती अभिप्रेत होती, याला तर या अक्षरांपलीकडे आधार नाही. तरीही त्या अनामिकाला केवळ अरसिक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. चित्र आणि बोधवचन एकत्र वाचण्याची सवय डच वाचकाला प्रतीकचित्रांच्या ग्रंथांनी लावली होती. आणि त्या प्रकारातला सर्वांत लोकप्रिय कवी याकोब काट्स १६३६ ते १६५१ या काळात स्वतःच राद-पेन्शनारिस होता, हा योगायोगही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१८०० मध्ये नव्या राष्ट्रीय कलादालनाने पहिली खरेदी म्हणून हेच चित्र १०० गिल्डरांना घेतले, ते या राजकीय अर्थासह. त्या दालनातूनच पुढे राइक्सम्युझियम घडले. अक्षरे चित्रकाराची नव्हेत हे आता सर्वमान्य आहे. ती पुसलेली मात्र नाहीत.