खानदेशची विळी

भुसावळ म्हटलें कीं आगगाडी आठवते आणि केळीं आठवतात. तेथील घराघरांत पाटावर बसविलेलें विळीचें पातें मात्र कोणास आठवत नाहीं. वस्तुतः कच्चें केळें हीच विळीची खरी परीक्षा होय. आधीं हातास व पात्यास तेलाचें बोट लावलें नाहीं, तर चीक बोटांस धरून बसतो, आणि लोखंडाचें पातें पाहतां पाहतां काळवंडतें. इतिहासाच्या ग्रंथांत तरवारीस जितकीं पानें मिळालीं तितक्या ओळीही विळीच्या वांट्यास आल्या नाहींत. तरवार प्रसंगीं म्यानाबाहेर पडे; विळी दिवसांतून दोन वेळां कामास लागे.

विळी हें विळ्याचें धाकटें रूप. शेतांतील विळा आडवा होऊन घरांत आला, पाटावर बसला आणि विळी झाला, असें नांवावरूनच दिसतें. खेड्यापाड्यांत तिला आजही इळी म्हणतात. चाकूंत आणि तींत मूळचा भेद असा कीं, चाकू पदार्थाकडे जातो, तर येथें पदार्थ पात्याकडे येतो. पातें स्थिर असतें, पाट पायाखालीं दाबलेला असतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्यामुळें मेथीची जुडी असो कीं लाल भोपळा, कापणाराची सारी शक्ति पदार्थावर लागते. गोव्यांत हिलाच आदोळी म्हणतात. बंगाल्यांत तिची बहीण बोंटी या नांवानें नांदते. नारळाच्या मुलखांत पात्याच्या टोकास दातेरी खवणी असते. खानदेशांत नारळ पिकत नाहीं. तेथें त्या खवणीचें काम बेताचेंच.

चांगली विळी ओळखण्यास डोळ्यांपेक्षां हात अधिक उपयोगी पडतो. पात्याची पाठ जाड असून धारेकडे तें हळूहळू पातळ होत गेलें पाहिजे. पाटांत बसलेलें बूड तिळभरही हलतां कामा नये. जुना लोहार मऊ लोखंडाचें पातें घेऊन धारेपुरतेंच पोलाद जोडी, कारण पोलाद महाग. मग भात्याचा वारा, ऐरणीवरचे घाव, आणि शेवटीं पाणी देणें. तापलेलें पातें पाण्यांत बुडविलें कीं कठीण होतें, पण तसेंच ठेवल्यास कांचेसारखें फुटतें. म्हणून तें पुन्हां मंद आंचेवर धरून त्यावर चढणारा पिवळा, तांबूस व निळा रंग पाहत बसावें लागतें. योग्य रंगाचा क्षण साधणें हेंच लोहाराचें सारें विद्याधन, आणि तें पोथींत लिहिलेलें नसे.

या देशाच्या पोलादाची कीर्ति एकेकाळीं फार दूरवर गेली होती. १७९४ च्या सुमारास मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं 'वुट्झ' नांवाच्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन यांनीं त्याविषयीं रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला. हें पोलाद वस्तुतः दक्षिणेंत मुशींत वितळवून तयार होई. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूकारानें त्याचा चाकू घडवून पाहिला व तो इतका खूष झाला कीं, पुढें १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे यांच्यासमवेत त्यानें पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. विळीच्या वांट्यास एवढें मोलाचें पोलाद येण्याचें कारण नव्हतें. पण आंच ओळखणारा डोळा दोन्हींकडे एकच होता.

मग दोन गोष्टी घडल्या. १८७० मध्यें मुंबई व कलकत्ता हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं, आणि त्याच वाटेवरचें भुसावळ लहानशा गांवाचें मोठें जंक्शन झालें. आगगाडीबरोबर विलायती लोखंडाच्या सळ्या व पट्ट्या अंतर्भागांत स्वस्त मिळूं लागल्या. कोळशावर धातुक खनिज गाळणाराची भट्टी त्यापुढें टिकली नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें शस्त्रें घडविण्याचें उरलेंसुरलें कामही आटलें. लोहाराच्या हातीं राहिलें तें नांगराचें फाळ, कुऱ्हाड, कोयता आणि विळी.

घिसाडी हे या धंद्यांतले फिरते कारागीर. बायकामुलांसह गांवाबाहेर उतरावें, जमिनींत भट्टी मांडावी, आणि गिऱ्हाइकासमोरच पातें घडवावें, अशी त्यांची रीत. भाता चालविण्याचें, पुष्कळदां घण मारण्याचेंही काम घरची बाई करते. मोटारींच्या मोडक्या स्प्रिंगा पुढें त्यांच्या उपयोगीं पडल्या. तें पोलाद वस्तुतः उत्तम, आणि भंगारांत मिळतें म्हणून स्वस्त.

अशा वस्तू जपाव्यात हें ज्यांस प्रथम उमगलें, त्यांत पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचें नांव अग्रभागीं आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारा हा गृहस्थ १९२० च्या सुमारास संग्रहाच्या नादीं लागला व दिवे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकघरांतलीं साधनें खेडोपाडीं हिंडून गोळा करीत राहिला. अकालीं गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यानें त्या संग्रहास नांव दिलें, आणि पुढें तो सर्व महाराष्ट्र शासनास अर्पण केला. पक्ष्यांच्या व माणसांच्या आकृतींचे तेथील अडकित्ते पाहून प्रेक्षक थबकतो. साध्या विळीपाशीं तो तितका वेळ थांबत नाहीं, याचें कारण ती अजून त्याच्या घरांत असते.

असते, पण कमी होत चालली आहे. ओट्याशीं उभें राहून स्वयंपाक करण्याची सोय झाल्यावर जमिनीवरच्या पाटाला जागा उरली नाहीं. गंज न चढणाऱ्या पोलादाचे चाकू दुकानांत आयते मिळूं लागले. संग्राहकाची अडचण वेगळीच आहे. पितळेच्या भांड्यांवर घरधन्याचें नांव व कधीं संवत्सरही कोरलेलें असतें, त्यावरून वंशवेल लावतां येते. विळीच्या पात्यावर सहसा नांव नसतें. धार लावून लावून तें मधोमध झिजलेलें असतें, आणि तें कोणा कारागिरानें कोणत्या बाजारीं दिलें हें सांगणारी एकच व्यक्ति असते: त्या पाटावर बसणारी घरांतली वयस्क बाई. ती गेल्यावर पातें भंगारांत जातें आणि पाट बंबांत.