छत्तीस गडी आणि एक धाव

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. तरी त्यातला एक सामना इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. घडते एक आणि वहीत उतरते दुसरे, असे आपण म्हणतो. त्याचे इतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल.

तारीख २६ मे १९५९. स्थळ अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे काउंटी स्टेडियम. यजमान मिलवॉकी ब्रेव्हज हे १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे नॅशनल लीगचे विजेते. पाहुणे पिट्सबर्ग पायरेट्स. त्यांचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, हार्वे हॅडिक्स. वय ३३, डावखुरा, चणीने लहान, आणि त्या दिवशी सर्दीने बेजार.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे एकूण २७ गडी. त्यांतल्या एकालाही पहिला बेस गाठू न देणे, याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. क्रिकेटमधले जिम लेकरचे १९५६ सालचे १९ बळी आठवा, म्हणजे याच्या दुर्मिळतेची कल्पना येईल.

हॅडिक्सने २७ गडी ओळीने बाद केले. पण सामना संपेना! त्याच्या संघालाही धाव निघाली नव्हती. ब्रेव्हजच्या ल्यू बर्डेटला त्या रात्री बारा फटके बसले, धाव मात्र त्याने एकही दिली नाही. मग जादा डाव सुरू झाले. दहावा, अकरावा, बारावा. हॅडिक्सचे ओळीने ३६ गडी झाले. असे पूर्वी कोणी केले नव्हते.

तेराव्या डावात डॉन होकची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोचला. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवले. हँक आरनला मुद्दाम फुकट बेस दिला. मग जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार धाडला. हॅडिक्सला बसलेला हा पहिलाच फटका. त्यातही गंमत पाहा: सामना संपला असे समजून आरन वाट सोडून मैदानाबाहेर निघाला, अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला आणि नियमाने बाद ठरला. तीन धावांच्या फटक्याची अखेर एकच धाव धरली गेली. निकाल १-०. पराभव हॅडिक्सच्या नावावर.

पुढे १९९१ साली नियम ठरला, की सामना संपेपर्यंत एकही फटका बसला नसेल तरच तो बिनफटक्याचा सामना मानायचा. त्यामुळे हॅडिक्सचा हा सामना त्या यादीतूनही गेला.

आता दुसरे पान उलटा. १३ ऑक्टोबर १९६० रोजी वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध. नवव्या डावात आघाडी राखायला हॅडिक्स आला, आणि त्याच्याच हातून चेंडू सुटत असताना यँकीजनी ९-९ अशी बरोबरी साधली. लगेच बिल मॅझेरॉस्कीच्या फटक्याने पायरेट्स १०-९ ने जिंकले, आणि विजय हॅडिक्सच्या नावावर लागला.

नियम चुकीचे आहेत, असे मी म्हणत नाही. नियमावाचून वही कशी चालेल? पण ‘जिंकला’, ‘हरला’ या दोन रकान्यांवरून माणसाची पारख करू नये, एवढेच. बखर असो, दप्तर असो वा खेळाचा धावफलक, निकाल वाचून झाल्यावर तो कसा लागला हेही शोधावे. इतिहास तिथूनच सुरू होतो.